प्ले बघणारे काका

नांदेडात वर्कशॉप कॉर्नरला नाहीतर लातूरला गंजगोलाईत गाडी लावून तुम्ही चहाला गेलात आणि परत येताना एक अनोळखी गृहस्थ तुमच्या हँडलच्या डाव्या मुठीशी चाळा करताना दिसले, तर ओरडू नका. चोर किल्लीपाशी हात घालतो. हे गृहस्थ दोन बोटांनी क्लचचा लिव्हर हलकेच ओढतात, सोडतात, पुन्हा ओढतात, मान कलती करून वायरीचा आवाज ऐकतात आणि तुम्ही जवळ आलात की नाव-गाव न विचारता सांगतात, "प्लेच नाही ठेवला हो कुणी याला. प्लेटा जळायल्यात तुमच्या."

प्ले म्हणजे क्लच ओढला जाण्याआधीची लिव्हरची मोकळी हालचाल. ती नसली की प्लेटा जळतात, आणि जळत असतातच. काकांचा राग येतो तो त्यामुळेच. दुसऱ्याच्या गाडीबद्दल त्यांचं निदान सहसा चुकत नाही.

हे काका नेमके कुणाचे, ते विचारायचं नाही. दर गल्लीला एक या हिशेबाने शासनाने मंजूर केल्यासारखे ते सगळीकडे असतात. पाटबंधारे, झेडपी, वीज मंडळ किंवा भूविकास बँक, यांपैकी कुठूनतरी निवृत्त. शर्ट बाहेर सोडलेला, वरच्या खिशात पेनाशेजारी दहा-अकराचा पाना. पेन घरी राहतो कधीकधी, पाना राहत नाही. त्या खिशाच्या तळाला गंजाचा तांबूस डाग कायमचा. तो काढायला काकू लिंबापासून सुरुवात करतात आणि काकांच्या घराण्यापर्यंत येऊन थांबतात.

क्लच समजावून सांगायला काकांना हॉटेल लागतं. चहा पिऊन झाला की ते टेबलावर सहा बशा एकावर एक रचतात आणि दर दोन बशांमध्ये पेपराचा तुकडा घालतात. मग वरून तळहात दाबून खालची बशी फिरवायची. सगळी चळत एकजीव फिरते. हा झाला क्लच सोडलेला. तळहात उचलायचा, खालची बशी फिरते, वरची जागच्या जागी. हा क्लच दाबलेला. "तळहात म्हणजे स्प्रिंगा," काका सांगतात, "आणि आपण लिव्हर ओढतो तेव्हा स्प्रिंगांच्या विरुद्ध ओढतो. म्हणून बोटं दुखतात. कळ्ळं?" समोरच्याला कळलेलं असतं, पण हॉटेलवाल्याचं लक्ष बशांवर असतं. त्याने अलीकडे कागदी कप आणलेत. चहाची चव तेव्हापासून गेली, असं काकांचं मत आहे.

क्लचचे आजार काकांच्या लेखी दोनच. एक घसरणारा, एक चिकटणारा. बालाघाटाच्या चढाला मूठ पिळली की इंजिन बोंबलतं, पण गाडी काही पुढे जात नाही आणि करपल्याचा वास येतो, तो घसरणारा. सिग्नलला लिव्हर पार मुठीला टेकवला तरी गाडी पुढच्या रिक्षाकडे सरकत राहते, न्यूट्रल सापडता सापडत नाही, पहिला गिअर टाकताना खाडकन आवाज होतो आणि शेजारचे वळून बघतात, तो चिकटणारा. पहिल्यात प्ले संपलेला असतो, दुसऱ्यात जास्त झालेला असतो. निदान सुरुवात तिथून करायची, प्लेटांकडे मग बघायचं. मिस्त्री लोक मात्र उलटे, आधी इंजिन खोलतात आणि मग वायर बघतात, हा काकांचा जुना सल आहे.

खरी गंमत पुढे आहे आणि ती काका चहाच्या दुसऱ्या कपाशिवाय सांगत नाहीत. वायर जुनी झाली की ताणते, म्हणजे प्ले वाढतो. प्लेटा झिजल्या की प्रेशर प्लेट आत बसते, म्हणजे प्ले कमी होतो. दोन्ही एकदम झालं तर? लिव्हर हाताला एकदम बरोबर लागतो! वायर निकामी, प्लेटा निकामी, आणि मालक मात्र खुशीत. "अशा किती गाड्या हिंडायल्यात या गावात," असं म्हणून काका रस्त्याकडे ज्या नजरेने बघतात, त्या नजरेने फक्त लग्नं जमवणारे लोक मांडवाकडे बघतात.

त्यांचं कसब मी तरोड्याच्या एका पोराच्या स्प्लेंडरवर बघितलंय. दोन मिस्त्र्यांनी नव्या प्लेटा टाकल्या, तरी क्लच घसरायचा थांबेना. काकांनी लिव्हरला हातही लावला नाही. ऑइलची काडी काढली, बोटावर ऑइल घेतलं आणि विचारलं, "हे कुठून आणलास?" पोराचा मेहुणा कारच्या गॅरेजात. उरलेल्या डब्यातलं भारीपैकी ऑइल त्याने प्रेमाने दिलेलं. कारचा क्लच कोरडा असतो, तो ऑइलात बुडत नाही; म्हणून कारच्या कित्येक ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. मोटारसायकलच्या प्लेटा इंजिनाच्याच ऑइलात पोहतात आणि त्यांचं सगळं पोट घर्षणावर. "डब्यावर जासो एमए लिहिलेलं बघून घे. मेहुण्याचं तोंड बघून ऑइल घेऊ नकू." ऑइल बदललं, काही दिवसांत क्लच धरू लागला. तेव्हापासून तो पोरगा काकांना लांबून बघितलं तरी गाडी थांबवतो. काका त्याचा प्ले बघतात आणि मगच त्याची ख्यालीखुशाली विचारतात.

एवढं ज्ञान असलेल्या माणसाची स्वतःची गाडी कशी असेल? येझदी आहे, आणि बोलायची सोय नाही.

काकांनी ती नोकरीला लागल्यावर सेकंडहँड घेतली. एक सिलिंडर, दोन सायलेन्सर, चार गिअर. या गाडीचं मूळ प्रागचं, तिथल्या जावा कंपनीचं. म्हैसूरच्या आयडियल जावाने ती 1961 पासून इथे बनवली, 1973 मध्ये नाव येझदी केलं आणि 1996 ला कारखान्याला कुलूप लागलं. कुलपाची बातमी काकांनी मनावर घेतली नाही. त्यांच्या मते कंपन्या येतात-जातात, प्लेटा मिळतात. किकचा दांडा आणि गिअरचा दांडा एकच, हे या गाडीचं वैशिष्ट्य सगळ्यांना माहीत असतं. गाडी चालू झाली की तोच दांडा पुढे पाडून गिअर टाकायचे. पण काकांच्या दृष्टीने दैवाचा खेळ दुसराच आहे. या गाडीत पायाने दांडा हलवला की आतल्या आत क्लच आपोआप सुटतो. जागेवरून निघताना सोडलं तर हाताने लिव्हर ओढायची फारशी गरजच नाही. म्हणजे ज्या माणसाने आयुष्य क्लचला वाहिलं, त्याच्या नशिबी क्लच सगळ्यात कमी लागणारी गाडी आली. काका तरीही दर गिअरला लिव्हर ओढतात. का, असं विचारलं तर म्हणतात, "सवय राहू द्यावी त्याला."

रविवारी सकाळी साडेसहाला अंगणात गोणपाट अंथरलं जातं. हा विधी मी भिंतीवरून सावकाश बघितलाय. आधी गाडी थंड आहे का, ते इंजिनाला उलटा हात लावून बघायचं. रात्रभर उभी असली तरी बघायचं. मग लिव्हर दाबून किक मारायची. प्लेटा सुटल्या असतील तर दांडा हलका खाली जातो. रात्रीत ऑइलाने चिकटल्या असतील तर इंजिनासकट फिरतो आणि पोटरीला कळतं. मग हँडलजवळचा अ‍ॅडजस्टर पार आत घालायचा, म्हणजे वायर ढिली. इंजिनाच्या बाजूचा लॉकनट सोडायचा, मधला स्क्रू पेचकसने आत न्यायचा. हाताला काहीतरी लागल्यासारखं झालं की थांबायचं आणि जरासा उलटा घ्यायचा. या 'जरासा'वर काकांचं निम्मं निवृत्तिवेतन खर्च झालंय. चौथाई आटा घ्यावा असं पुस्तक म्हणतं. काका चौथाईतही पाव-निम्मं करतात. स्क्रू पेचकसने धरून ठेवायचा आणि पान्याने नट आवळायचा, नाहीतर नटाबरोबर स्क्रू फिरतो आणि सगळं मुसळ केरात. इथे तिसरा हात लागतो. तो काकूंचा. काकूंच्या हाताला त्या वेळी कणीक असते.

शेवटी हँडलकडची वायर. लिव्हरच्या बुडाशी दोन-तीन मिलिमीटर फट राहिली पाहिजे. ती मोजायला काकांकडे दोन पावल्या आहेत. सरकारने चार आण्याचं नाणं 2011 च्या जूनअखेर चलनातून काढलं, तेव्हा लोकांनी डबे उपडे करून नाणी बँकेत नेऊन टाकली. काकांनी दोन बाजूला काढून ठेवली. दोन्ही एकावर एक ठेवून फटीत सरकवायची. अडकली तर कमी, खाली पडली तर जास्त. बरोबर असेल तर ती फटीतच राहतात आणि काका दोन पावलं मागे जाऊन कमरेवर हात ठेवून बघतात. मग गल्लीला एक चक्कर. परत आल्यावर चेहरा पडलेला. नाणी पुन्हा निघतात.

देगलूर नाक्याच्या उस्तादने त्यांना गाडीचं दुखणं कधीच सांगून ठेवलंय. उस्ताद येझदीवाला जुना माणूस. या गाडीचं इंजिन तो रेडिओ ऐकता ऐकता खोलतो. काकांची गाडी आलेली दिसली की तो हात पुसत पुसत पहिला प्रश्न टाकतो, "तुम क्या क्या खोले, पैले वो बोलो काका." काका फक्त वायर सांगतात. उस्ताद स्क्रूच्या डोक्याकडे बघतो. डोकं रविवारच्या पेचकसांनी पार गुळगुळीत झालेलं.

दुखणं तसं साधं आहे आणि उस्तादने ते एकदा झाकण उघडून दाखवलंही. प्लेटांचे बाहेरचे दात ज्या बेलच्या खाचांत सरकतात, त्या खाचांना वर्षानुवर्षं ठोकर खाऊन खड्डे पडलेत. लिव्हर ओढला की प्लेटांनी सरकून मोकळं व्हायचं, पण त्या खड्ड्यांत अडकतात. म्हणून क्लच चिकटतो. बारीक असेल तर कानस मारून गुळगुळीत करता येतं; काकांच्या बेलवर ती मर्यादा केव्हाच ओलांडलीय. "बेल बदलो. एक दिन का काम. फिर दस साल देखना नको." दहा वर्षं बघायचं नाही, हे ऐकून काकांच्या तोंडावर जे भाव आले, ते मी डॉक्टरने गोड बंद केल्यावर लोकांच्या तोंडावर बघितलेत. त्यांनी झाकण लावायला सांगितलं. "प्लेनं होतंय का बघू की आधी."

उस्तादने पाना खाली ठेवला. "काका, गाडी अच्छी हो गई तो इतवार को क्या करते तुम?"

काका यावर काही बोलले नाहीत, पण पुढचे दोन रविवार उस्तादकडे गेले नाहीत.

वायरीला तेल देणं हा स्वतंत्र अध्याय आहे. योग्य रीत काकांना पाठ आहे आणि ती ते सगळ्यांना सांगतात. वायर काढून खिळ्याला उभी टांगायची, वरच्या टोकाला जाड कागदाचा शंकू टेपने बांधायचा, त्यात पातळ इंजिन ऑइल ओतून रात्रभर सोडायची. सकाळी खालच्या टोकाशी थेंब आला की वायर तयार. एका रात्री घरात इंजिन ऑइल नव्हतं आणि काकांना धीर नव्हता. स्वयंपाकघरात करडईचं घाण्याचं तेल होतं. आमच्याकडे ते पोळीला, भाजीला, चटणीवर चालतं. वायरीवर का चालू नये? चाललं, पंधराएक दिवस लोण्यासारखं चाललं. काकांनी गल्लीत जाहीर केलं की कंपन्या लोकांना फसवतात. मग लिव्हर सोडला तरी मागे येईना. करडईचं तेल हवेत वाळतं, घट्ट होतं, त्याचा पापुद्रा बसतो. म्हणून तर ते रंगाच्या कामातही वापरतात. वायरीच्या नळीत आतून वार्निश झालं होतं. काकूंना त्या वायरीचं काही वाटलं नाही. त्यांचा प्रश्न, वाटीभर तेल गेलं कुठं, एवढाच होता.

माळेगावच्या यात्रेची गोष्ट काकू स्वतः सांगतात, काका समोर असताना सांगतात. मार्गशीर्षात, लोह्याच्या पुढे खंडोबाची ही यात्रा. घोडे, गाढवं, उंट यांचा मोठा बाजार. काका काकूंना येझदीवर घेऊन निघाले. गर्दी लागली तिथपासून हाफ क्लच. माणसं, बैलगाड्या, उंट, मधेच भंडारा उधळणारं एखादं टोळकं. गाडी पावलापावलाने पुढे आणि लिव्हर अर्धा ओढलेला. अशा वेळी प्लेटा एकमेकींवर घासत राहतात आणि तापतात. त्या तापात प्ले नाहीसा झाला, आणि प्ले नाहीसा झाला की प्लेटा आणखी घसरतात. काकांच्या हाताला ते कळलं. त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला, घोड्यांच्या ओळीत घेतली आणि पाना काढला.

गरम इंजिनावर क्लच कधी सेट करायचा नाही, हे वाक्य काकांनी आमच्या गल्लीत शेकडो लोकांना ऐकवलंय. काकूंनी ते तिथे त्यांना ऐकवलं. "थोडाच घेतो," असं म्हणून काकांनी वायर ढिली केली आणि प्ले पुन्हा आणला. तेवढ्यात काकू पायी देवळात जाऊन दर्शन घेऊन, प्रसाद घेऊन, एका ओळखीच्या बाईबरोबर बांगड्या बघून आल्या. काका तोवर अंगाला भंडारा लागलेल्या एका घोडेवाल्याला क्लच समजावत होते. घोडेवाला ऐकत होता, कारण घोडा विकला जात नव्हता. संध्याकाळी इंजिन निवलं, आणि दुपारी दिलेला जादा प्ले सगळाच्या सगळा लिव्हरमध्ये उतरला. आता क्लच सुटेचना. नांदेडपर्यंत काका दुसऱ्या गिअरमध्ये आले. कुठे थांबायची वेळ आली की इंजिन बंद करायचे आणि निघताना काकू मागून ढकलायच्या. "खंडोबाला गेले होते, वारी करून आले," असं काकू म्हणतात आणि काका उठून प्ले बघायला अंगणात जातात.

लातूरला लेक दिलीय. तिकडे गेले की काकांचं मन रमत नाही. रस्ता चौपदरी झाल्यापासून नांदेडहून निघालं की वरचा गिअर पडतो तो अहमदपूर, चाकूर करत लातूरलाच उतरतो. वाटेत क्लचला काम नाही. त्यात ट्युशनच्या भागात दारोदार उभ्या असतात त्या बिनगिअरच्या स्कूटर. काका त्यांच्या डाव्या मुठीकडे हात नेतात आणि ब्रेक लागतो. जावयाने एकदा समजूत घातली की याच्यातही क्लच आहे मामा, इंजिनाचा वेग वाढला की आतले तुकडे बाहेर फेकले जातात आणि आपोआप पकड घेतात. काका म्हणाले, मला माहितीय, लुनातही होता. "पण ज्याला हात लावता येत नाही, त्याला आहे कसं म्हणायचं?" गंजगोलाईत मात्र ते आवर्जून जातात. सोळा रस्ते एका वर्तुळात येऊन मिळतात. बाजाराच्या वेळी एक पूर्ण फेरी मारायची म्हणजे क्लचची परीक्षाच. जावयाची गाडी घेऊन काका ती फेरी मारतात. गूळ, भांडी, कापड, काही घ्यायचं नसतं.

2022 च्या जानेवारीत येझदी पुन्हा बाजारात आली. नवी कंपनी, नवं इंजिन, नाव तेवढं जुनं. काकांनी पुढे कधीतरी शोरूम गाठलं. इस्त्रीचा शर्ट, खिशात पाना. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक पोरगा पुढे आला, त्याने गाडीची माहिती सांगायला सुरुवात केली. काका थेट डाव्या बाजूला गेले आणि दोन बोटांनी लिव्हर ओढला. एकच बोट पुरलं असतं.

"असिस्ट अँड स्लिपर क्लच आहे सर."

"काय?"

पोराने पाठ केलेलं सांगितलं. लिव्हर हलका लागतो. शिवाय वेगात असताना झटकन खालचा गिअर टाकला तर क्लच थोडा घसरतो, म्हणजे मागचं चाक अडकत नाही.

"आपण घसरू नये म्हणून आयुष्य काढलं," काका काकूंकडे वळून म्हणाले, "आणि हे मुद्दाम घसरवायलेत."

काकू खुर्चीत बसून शोरूमचा थंडगार चहा पीत होत्या. त्यांनी गाडीची किंमत विचारली आणि कप खाली ठेवला.

"प्ले किती ठेवता याला?" काकांनी पोराला विचारलं.

"ते सगळं सर्व्हिसिंगला चेक होतं सर."

"किती ठेवता?"

पोरगा आत कुणालातरी विचारायला गेला. तेवढ्या वेळात काकांनी लिव्हर आणखी दोनदा ओढला, मान कलती केली, वरच्या खिशातून पाना काढला आणि डेमोच्या गाडीचा लॉकनट सोडला. पोरगा परत आला तेव्हा पावल्या फटीत होत्या.

"अहो सर! हात लावू नका!"

"झालं. एक चक्कर मारून ये."

पोरगा मारणार नव्हता. पण मॅनेजर बाहेर आला, त्याने लिव्हर ओढून बघितला, पुन्हा बघितला आणि पोराला डोळ्याने खूण केली. पोरगा गाडी घेऊन नाक्यापर्यंत गेला. आला तेव्हा काहीच बोलला नाही, गाडी स्टँडवर लावली आणि हेल्मेट काढताना हळूच म्हणाला, "न्यूट्रल लगेच पडायलं की ओ."

मॅनेजरने काकांसाठी चहा मागवला. दारावरचा वॉचमन इतका वेळ काचेला नाक लावून उभा होता. तो आत आला, टोपी काढून काखेत धरली आणि म्हणाला, "काका, माझी बॉक्सर हाय मागं लावलेली. सकाळपासनं पैला गिअरच घेईना गेलीय."

काकांनी चहा तसाच ठेवला. "वायर कवा बदललीस?"